रोड सायकलिंग आणि सायकलचं सामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांब पल्ल्याची सायकल चालवायला लागून मला बरीच वर्षं झाली. या काळात नव्या-जुन्या सायकलस्वारांकडून जे प्रश्न फिरून फिरून येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. "आता कुठला पार्ट बदलू?" असं विचारणाऱ्या बहुतेकांची अडचण पार्टची नसते. ती टायरमधल्या हवेची, सीटच्या उंचीची, नाहीतर वेळेवर न खाण्याची असते, आणि या तिन्ही गोष्टी घरच्या घरी सुधारता येतात. म्हणून त्यांना इथे जास्त जागा दिली आहे.

१. रोड बाइक आणि हायब्रिडमध्ये नेमका फरक काय? मला रोड बाइकच हवी का?

फरक मुख्यतः बसण्याच्या ढबीचा. रोड बाइकच्या वळलेल्या हँडलवर हात ठेवायला तीन जागा मिळतात: वरचा आडवा दांडा, ब्रेकचे हूड (ब्रेक लिव्हरच्या वरचे रबरी उंचवटे) आणि खालचे ड्रॉप्स (हँडलची खाली वळलेली टोकं). चार तासांच्या राइडमध्ये हात बदलता येणं हे वेगापेक्षा मोठं सुख आहे. वेगाचं म्हणाल, तर सपाटीवर ताशी २५-३० किमीच्या पुढे तुमची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. ताशी ३० वरून ३६ वर जायचं तर वेग वाढतो २० टक्के, पण हवेशी झगडायला लागणारी ताकद जवळजवळ पावणेदोन पट होते. वाकून बसण्याचं महत्त्व यातूनच येतं. रोजचा प्रवास १०-१५ किमीचा असेल, रस्ता खडबडीत असेल, मध्ये मध्ये थांबावं लागत असेल, तर हायब्रिड उत्तम. तिच्यावरही शंभर किमी आरामात होतात.

२. फ्रेमचा साइज उंचीवरून ठरवला तर चालेल का?

अंदाज बांधायला चालेल, निर्णय घ्यायला नाही. सारख्याच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. शिवाय एका कंपनीचा ५४ दुसऱ्या कंपनीच्या ५४ शी जुळेलच असं नाही. तक्त्यात दोन आकडे पाहा. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांचा आस फ्रेममध्ये फिरतो ती जागा) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची पुढची नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर सहसा लहान घ्या. सीटपोस्ट वर काढता येते, स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) थोडा लांब लावता येतो. मोठी फ्रेम लहान करायला मात्र काही उपाय नाही.

३. सीट किती उंच ठेवायची? मला तर थांबल्यावर दोन्ही पाय टेकायला आवडतात.

सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकत असतील, तर सीट नक्कीच खाली आहे. रोड बाइकवर थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं. ही सवय लागायला दोन-तीन दिवस पुरतात.

उंचीसाठी सोपी रीत अशी: भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात अगदी सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलायला नको. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्याला हवा तेवढा, साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक आपोआप येतो. आकड्यात हवं असेल तर जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घेऊन त्याला ०.८८३ ने गुणा. ते अंतर बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पातळीपर्यंत यायला हवं. ही सुरुवात समजा. पुढे एका वेळी ३ ते ५ मिमीच हलवा आणि दोन-तीन राइड झाल्याशिवाय पुन्हा हात लावू नका. जुनी उंची सीटपोस्टवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा.

४. टायरवर कमाल १२० पीएसआय लिहिलंय. मग १२० भरायची ना?

नाही. पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. तो आकडा टायर किती दाब सोसू शकतो ते सांगतो, तुम्हाला किती हवी ते सांगत नाही. मीही कित्येक वर्षं २५ मिमी रुंद टायरमध्ये ११० भरत होते. टणक टायर म्हणजे वेगवान टायर, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. एकदा पंप बिघडला म्हणून ८० वरच निघावं लागलं. नेहमीच्या खरखरीत रस्त्यावर तळहातात उठणारी झिणझिण त्या दिवशी उठलीच नाही, आणि वेळही नेहमीइतकाच लागला.

कारण असं की रस्ता आरशासारखा गुळगुळीत नसतो. टायर फार टणक असला की तो प्रत्येक खड्यावरून उडतो, आणि तुम्हाला व सायकलला दर वेळी उचलण्यात ताकद वाया जाते. थोडा मऊ टायर तोच खडा पोटात घेतो आणि पुढे सरकतो. उलट हवा फारच कमी केली तर टायर जास्त दबून वेळ खातो, वळणावर लचकतो, आणि खड्ड्यात रिम ट्यूबला चावते (प्रश्न १२ पाहा).

७० ते ७५ किलोच्या स्वाराने ट्यूब असलेल्या टायरसाठी इथून सुरुवात करावी: २५ मिमीला ८० ते ८५, २८ ला ७० ते ७५, ३२ ला ५५ ते ६०. पुढच्या चाकात ३ ते ५ पीएसआय कमी, कारण जास्त भार मागच्या चाकावर असतो. वजन दहा किलोने जास्त असेल तर थोडी वाढवा, कमी असेल तर उतरवा, पावसात दोन्हीकडे थोडी कमी करा. साध्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू झिरपत असते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी गेज लावाच. बोटाने दाबून ७० आणि ९० मधला फरक कुणालाच कळत नाही.

एक अपवाद जपा. रिम हुकलेस असेल, म्हणजे तिच्या आतल्या काठाला टायर अडकवणारा हूक नसेल, तर कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते आणि टायरही हुकलेसला चालतो असं लिहिलेलाच हवा. या बाबतीत अंदाज नको. टायर रिमवरून सुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

५. माझ्या सायकलला २८ किंवा ३२ चा टायर बसेल का? मापंच कळत नाहीत.

टायरच्या बाजूला '२८-६२२' अशी दोन आकड्यांची जोडी शोधा. पहिला आकडा रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ही जोडीच खरी. बाकीची नावं फसवतात: रोडचं ७००सी आणि माउंटन बाइकचं २९ इंच, दोन्ही ६२२. ६५०बी म्हणजे ५८४. जुन्या सायकलींवरचं २७ इंच मात्र ६३०, अवघा ८ मिमीचा फरक, पण टायर बसत नाही म्हणजे नाही. आणि '२८ इंच' लिहिलेला टायर ६२२ चाही असू शकतो, जुन्या भक्कम रोडस्टरचा ६३५ चाही.

रुंदीसाठी फ्रेम, फोर्क आणि ब्रेक यांच्यापासून टायरला सगळीकडे निदान ४ मिमी मोकळी जागा राहायला हवी. रिम ब्रेकच्या बऱ्याच सायकलींत २८ वर गाडं अडतं. रुंद रिमवर तोच टायर छापील मापापेक्षा फुगीर होतो, तेवढी जागा धरून चाला.

६. पन्नास किमीनंतर गुडघा दुखतो. बंद करू का सायकलिंग?

आधी दुखतं कुठे ते बोट ठेवून सांगा. वाटीच्या समोर दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा फार पुढे आहे, नाहीतर तुम्ही जड गिअर रेटताय (प्रश्न १० पाहा). गुडघ्याच्या मागे खेच जाणवत असेल तर सीट जास्त उंच असण्याची शक्यता मोठी. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर क्लीटचा, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेल्या आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा, कोन तपासा (प्रश्न ९ पाहा). सीट हलवण्याची रीत प्रश्न ३ मध्ये आहे. सूज आली, जिना उतरताना कळ येऊ लागली किंवा आराम करूनही आठवडाभर दुखणं राहिलं, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

७. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं.

तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. हँडलवर तासन् तास भार पडला की ती दबते आणि नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. जाड हातमोजे घेण्याआधी सीटचं टोक पाहा. ते खाली झुकलेलं असेल तर शरीर सतत पुढे घसरतं आणि त्याला थोपवायचं काम हातांवर येतं. सीट सपाट करा. मग हँडल फार लांब किंवा फार खाली नाही ना, ते बघा. कोपरं थोडी वाकलेली ठेवा, दर काही मिनिटांनी हात बदला आणि मनगट मागे मोडू देऊ नका. टायरमधली हवाही तपासा. राइड संपल्यावर दिवसन् दिवस बधिरपणा राहिला किंवा बोटांतली पकड कमी वाटली, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

८. सीटवर बसवत नाही. जेलचं मऊ कव्हर लावलं तरी तेच.

मऊ कव्हरने बऱ्याचदा त्रास वाढतो. आपण बसतो ती ढुंगणाची दोन हाडं कव्हरात रुततात आणि मधला मऊ भाग दाबला जातो. सीट त्या दोन हाडांमधल्या अंतराला साजेशी रुंद हवी. घरी मापायचं तर कडक पृष्ठभागावर नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर थोडं पुढे वाकून बसा. दोन खळगे उमटतात, त्यांच्या मध्यांमधलं अंतर घ्या. पॅड असलेली सायकलची चड्डी घाला आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. आतल्या कपड्याची शिवणच कातडी सोलते. शंभरच्या पुढे जायचं असेल तर घासणाऱ्या जागी क्रीम लावा, दर पंधरा-वीस मिनिटांनी उभं राहून दहा-बारा पेडल मारा, आणि घरी आल्याबरोबर चड्डी बदला. बधिरपणा येत असेल तर तो सोसू नका. मध्ये खाच असलेली सीट वापरून पाहा.

९. क्लिपलेस पेडल घ्यावं का? पाय अडकतो, मग 'क्लिपलेस' का म्हणतात?

नाव जुन्या काळाच्या तुलनेतून आलं. पूर्वी बुटाच्या पुढच्या टोकाला धातूचा पिंजरा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. लूक कंपनीने १९८४ मध्ये बुटाच्या तळाला बसणाऱ्या क्लीटची पद्धत आणली, पिंजरा गेला, म्हणून 'क्लिप नसलेलं'. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार्ड इनो याने तीच पेडलं वापरून तूर द फ्रान्स जिंकली.

घ्यायलाच हवं असं नाही. सपाट पेडलवरही उत्तम सायकल चालते. पण लांब राइडमध्ये पाय दर वेळी त्याच जागी पडतो आणि खडबडीत उतारावर घसरत नाही, हा मोठा फायदा. सुरुवातीला दोन बोल्टची क्लीट घ्या, ती बुटाच्या तळात खोल बसते आणि चालता येतं. स्प्रिंगचा ताण सगळ्यात कमी ठेवा. थांबण्याच्या दहा मीटर आधी टाच बाहेर फिरवून पाय सोडवायचा, हे मोकळ्या जागेत पन्नास वेळा घोटा.

तीन बोल्टच्या क्लीटमध्ये रंगांची गल्लत फार होते. रंग सांगतो की अडकलेला पाय पेडलवर किती अंश फिरू शकतो. शिमानोची लाल क्लीट म्हणजे शून्य अंश मोकळीक, निळी २ आणि पिवळी ६. लूक कीओमध्ये काळी शून्य, करडी साडेचार आणि लाल ९ अंश. म्हणजे एकीकडची लाल सगळ्यात घट्ट, दुसरीकडची सगळ्यात मोकळी. गुडघ्याचा त्रास असलेल्याने मोकळीक असलेलीच घ्यावी.

१०. चढावर दम लागतो आणि गिअर संपतात. हलकी सायकल घेऊ का?

आधी हिशेब करू. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो असाल आणि सायकलचं एक किलो कमी केलं, तर तासाभराच्या कडक चढावर फार तर पाऊण मिनिट वाचतं. सपाटीवर जवळजवळ काहीच नाही. पैसे वजनावर घालण्याआधी गिअरवर घाला.

पुढे ३४ दात आणि मागे २८ असतील, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी तुम्हाला ताशी ९.३ किमी तरी राखावे लागतात. मागे ३४ ची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) लावली तर त्याच फेऱ्यांत ताशी ७.७ वर टिकता येतं. दहा टक्क्यांच्या चढावर हा फरक म्हणजे चढून जाणं आणि उतरून ढकलणं यांतला फरक. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ झेलतो का ते आधी पाहा, नाहीतर लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागेल. सपाटीवर मिनिटाला ८० ते ९५ फेऱ्यांची सवय लावा. चढ दिसला की तो लागण्याआधीच गिअर उतरवा, पेडलवर पूर्ण जोर असताना बदलू नका. आणि पहिली दोन मिनिटं मुद्दाम सावकाश चढा.

११. चेन कधी बदलायची? तेल कुठलं आणि किती?

पोलादी पट्टी घ्या. नव्या चेनचा जोड अर्धा इंचाचा, म्हणजे चोवीस जोड बरोबर १२ इंच. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा आणि चोविसावी पिन पाहा. ती १२ इंचांच्या पुढे दीड मिमी सरकली असेल तर झीज अर्धा टक्का. ११ आणि १२ गिअरवाल्यांनी इथेच चेन बदलावी. १० किंवा कमी गिअर असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सव्वादोन मिमीपर्यंत चालते. लोक 'चेन ताणली' म्हणतात, पण पोलाद ताणलेलं नसतं. पिना आणि त्यांची भोकं आतून झिजलेली असतात. झिजलेली चेन तशीच दामटली तर ती कॅसेटचे दात खाते, आणि मग नवी चेन घातल्यावर ती जोर लावताना उडी मारते. तेव्हा कॅसेटही बदलावी लागते.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, बस. रात्री लावा, सकाळी कोरड्या फडक्याने बाहेरून पूर्ण पुसा. तेल आत हवं, बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं. गंज सोडवणारा पातळ स्प्रे हे चेनचं तेल नव्हे. पॅराफिन मेणात बुडवलेली चेन फार स्वच्छ आणि शांत चालते, पण त्याआधी कारखान्यातलं ग्रीस पूर्ण धुवावं लागतं आणि भर पावसात मेण लवकर निघतं.

१२. पंक्चर काढलं, तरी दोन दिवसांत पुन्हा त्याच जागी.

कारण अजून टायरमध्येच आहे. ट्यूब बाहेर काढताना ती टायरच्या शेजारी तशीच धरा, म्हणजे भोकासमोरची टायरची जागा सापडते. त्यासाठी टायर बसवताना त्याचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणायचं. मग टायरच्या आतून कापूस फिरवा. मोठ्या गाड्यांच्या फुटलेल्या टायरमधून पडलेली केसाइतकी बारीक तार डोळ्याला दिसत नाही, बोटालाही लागत नाही, पण कापसाचा धागा तिथे अडतो. टायर उलटा वाकवला की तिचं चकाकणारं टोक वर येतं. ते चिमट्याने ओढा.

भोकाची जातही बोलते. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर खड्ड्यात रिम चावली आहे, हवा कमी होती. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकून स्पोकचं भोक उघडं पडलंय.

१३. मग ट्यूबलेसच का नको?

काटेरी रस्त्यांवर जरूर घ्या. दोन-तीन मिमीची भोकं टायरच्या आत ओतलेलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) चालता चालता बुजवतं, मोठ्याला प्लग घालता येतो, आणि रिम ट्यूबला चावण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र सीलंट सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून तपासा, गरम हवेत आणखी लवकर. सोबत एक ट्यूब ठेवावीच लागते. वर्षातून दोनदाच पंक्चर होत असेल आणि ही उस्तवार नको असेल, तर चांगली ट्यूबच बरी.

१४. डिस्क ब्रेक किंचाळतात आणि लागत नाहीत.

बहुधा पॅडवर तेल गेलंय. माझ्या बाबतीत हे चेनवर स्प्रे मारताना झालं. मागच्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) नजरेला न दिसणारा शिंतोडा उडाला, आणि दुसऱ्या दिवशी उतारावर लिव्हर ओढला तर नुसती किंकाळी, वेग तसाच. पुढच्या ब्रेकवर थांबले. तेव्हापासून मागच्या चाकाजवळ स्प्रे वापरत नाही.

रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल प्यालेली पॅडं मात्र सहसा सुधारत नाहीत, ती बदला. नवी पॅडं बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी २०-२५ च्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावा, चाक पूर्ण न थांबवता. तोवर पकड येत नाही. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन जवळ येऊन बसतात. ऑइल भरायची वेळ आली तर लिव्हरवर मिनरल लिहिलंय की डॉट ते वाचा. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले सील खराब होतात.

१५. दोन तासांनी एकदम अंगातलं त्राण जातं, चक्कर आल्यासारखं होतं.

साठवलेली साखर संपली. जोरात चालवलं तर शरीरातला ग्लायकोजेन साधारण दीड-दोन तास पुरतो. भूक लागल्यावर खाणं म्हणजे उशीर झालेला असतो. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच सुरुवात करा आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. फार लांब राइडमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून ९० पर्यंत जाता येतं, पण पोटाला सवय सरावातच लावायची. पाणी हवामानाप्रमाणे तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात मीठ घातलेलं. नुसतं पाणी अतोनात पिऊन रक्तातलं सोडियम घसरणं हाही खरा धोका आहे.

१६. पहिली २०० ची ब्रेव्हे करायची आहे. जमेल का?

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. शंभर किमी करून दुसऱ्या दिवशी नीट चालता येत असेल, तर जमेल. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किमीपेक्षा जरा कमी. पुढे ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एकाच हंगामात चारही पूर्ण केल्या की सुपर रँदोनर. १८९१ मध्ये सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किमीची, ९० तासांची, चार वर्षांतून एकदा होते. २०२३ नंतरची २०२७ मध्ये.

वेळ पेडल मारण्यात कमी आणि थांबण्यात जास्त वाया जातो. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटांचं बंधन घाला. नवी सीट, नवे बूट, नवी क्लीट ब्रेव्हेच्या आठवड्यात लावू नका. रात्रीसाठी पुढे-मागे दिवे, त्यांची राखीव सोय आणि चमकणारं जॅकेट हवंच.

१७. उतारावर ताशी ५० च्या पुढे हँडल थरथरायला लागतं.

याला शिमी म्हणतात. हँडल घट्ट आवळलं की थरथर वाढते. पकड सैल करा, एक गुडघा वरच्या नळीला घट्ट दाबा, बूड सीटवरून जरा उचला आणि हलकेच ब्रेक लावत वेग उतरवा. घरी आल्यावर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला आहे का, चाक वाकडं झालंय का, चाकाचा एक्सल नीट आवळलाय का, ते तपासा. सगळं ठीक असूनही काही सायकली काही स्वारांखाली थरथरतात. गारठ्याने अंग आखडलं असेल तेव्हा ते जास्त होतं.

१८. पेडल मारताना टक-टक आवाज येतो. बॉटम ब्रॅकेट बदलायला सांगितलंय.

थांबा. फ्रेम आवाज फिरवते, त्यामुळे सीटपोस्टची टकटकही पायाखालून आल्यासारखी वाटते. सीटवरून उठून पेडल मारा. आवाज थांबला तर दोष सीट, तिची क्लॅम्प किंवा सीटपोस्टमध्ये. उठूनही येत असेल तर पेडलं काढा, आटे पुसा, ग्रीस लावून परत बसवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. मग चेनरिंगचे बोल्ट, मग चाकाचे एक्सल. बॉटम ब्रॅकेटची पाळी शेवटी. कार्बन सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट लावायची आणि छापलेल्या टॉर्कइतकंच आवळायचं, बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटरच्या आसपास.

१९. कार्बन फ्रेम पडली. वरून फक्त ओरखडा दिसतोय. चालवू का?

तपासल्याशिवाय नको. जागा स्वच्छ पुसा आणि उजेड तिरपा पाडून बघा. नखाला धार लागते का पाहा. मग नाण्याने हलके टकटक करत चांगल्या भागाकडून त्या जागेकडे या. चांगला कार्बन टणक, स्वच्छ वाजतो. आत थर सुटले असतील तर आवाज बसका, बोदा होतो. नळीची जाडी जिथे बदलते तिथे आवाज तसाही बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूची तीच जागा वाजवून ताडून घ्या. बसका आवाज आला, किंवा अंगठ्याने दाबल्यावर जागा लवली, तर सायकल कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. फोर्क, हँडल किंवा स्टीअरर ट्यूबवर (फोर्कची हँडलपर्यंत जाणारी नळी) शंका असेल तर दुरुस्तीचा विचारही करू नका, ती वस्तू बदला. त्याच पडण्यात हेल्मेट आपटलं असेल तर वरून धड दिसलं तरी तेही बदला.